खेळाच्या जगातील साहसकादंबरी: पटणे आणि पुढे सरकणे

तुमच्या पत्रातील प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढील उत्तर कशाला उद्देशून आहे ते इतर वाचकांनाही कळेल. मेळघाटच्या पायथ्याच्या गावातील एका संत्रा बागायतदाराचा मुलगा मोबाइलवरील खेळात ओढला जातो, त्या खेळातील डोंगरी किल्ल्याच्या वीस पातळ्या ओलांडतो आणि घरी परततो, अशी तुमची कादंबरी आहे. पहिली सहा प्रकरणे वाचलेल्या मित्रांनी ‘हे पटत नाही’ असे सांगितले आणि पुढची आठ वाचलेल्यांनी ‘हे रेंगाळते’ असे सांगितले. तुम्ही विचारता की जिथे मुळात जादूच आहे तिथे न पटण्यासारखे काय उरते, आणि प्रत्येक प्रकरणात लढाई असताना कथा रेंगाळते कशी.

हस्तलिखित मी पूर्ण वाचले आहे. साहसकथा लिहिण्यात आणि नव्या लेखकांची हस्तलिखिते तपासण्यात माझे बरेच आयुष्य गेले आहे, आणि त्या अनुभवावरून मला असे ठामपणे वाटते की तुमच्या मित्रांच्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. तुमच्या कादंबरीत वाचकाला हिशेब करता येत नाही. नायकाजवळ काय आहे, काय संपत आले आहे, पुढच्या पावलाला काय मोजावे लागेल, हे वाचकाला स्वतःच्या मनात मांडता आले तर तो जादूवरही विश्वास ठेवतो आणि पुढचे पान उलटण्याची घाईही त्यालाच होते. हिशेब लागत नसेल तर दोन्ही गोष्टी एकदमच जातात.

खेळ खेळताना ही अडचण का येत नाही, हे आधी पाहू. आज मोबाइलवर दिसणाऱ्या पातळ्या, अनुभवाचे गुण, जीवनगुण ही सगळी मांडणी मोठ्या प्रमाणात ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळातून आलेली आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. तो टेबलाभोवती बसून, बोलून आणि फासे टाकून खेळायचा खेळ होता आणि आजही तसा खेळला जातो. तिथे राक्षस कितीही अचाट असो, त्याला मारण्यासाठी किती दान पडायला हवे हे साधारणपणे ठरलेले असते आणि फासा सगळ्यांसमोर पडतो. संगणकावरील खेळात फासा दिसत नाही, पण खेळणाऱ्याच्या हातात बटण असते. तो दहादा हरतो, अकराव्यांदा जिंकतो आणि नियम हाताने शिकतो. कादंबरीच्या वाचकाजवळ यातले काहीच नसते. त्याचे हात रिकामे असतात आणि फासा लेखक एकटाच, दार लावून टाकतो. म्हणून निकाल सांगण्याआधी नियम सांगण्याची जबाबदारी लेखकावर येते. खेळात जे हातांनी कळते ते कादंबरीत आधी पेरावे लागते.

आता तुमचे पहिले प्रकरण घ्या. नायक दुपारी डोंगराच्या पायथ्याशी जागा होतो, एक लांडगा मारतो, त्याला हजार मोहरा मिळतात आणि दिवेलागणीच्या आत तो किल्ल्याच्या दरवाजाशी पोहोचतो. किल्ल्याचे वर्णन वाचताना चिखलदऱ्याजवळचा गाविलगड तुमच्या डोळ्यांसमोर होता हे स्पष्ट दिसते, आणि ती निवड फार चांगली आहे. पण त्या वाटेचा अनुभव तुमच्या वाचकालाही आहे. अचलपूर समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्या आत आहे आणि चिखलदरा सुमारे अकराशे मीटरवर. सातशे मीटरची ही चढण, मे महिन्याच्या उन्हात, अनोळखी जंगलातून, नुकताच लांडग्याशी झुंजलेला मुलगा काही तासांत चढून जातो आणि त्याला तहानसुद्धा लागत नाही. लांडगा मारल्यावर मोहरा मिळतात हे वाचक सहज मान्य करतो, कारण तो त्या जगाचा नियम आहे. चढण चढताना घाम येत नाही हे मात्र तो मान्य करत नाही, कारण तसा नियम तुम्ही त्याला कुठेच सांगितलेला नाही. जिथे वेगळा नियम सांगितला नसेल तिथे वाचक आपलेच जग गृहीत धरतो, आणि तसे धरण्याचा त्याला अधिकार आहे.

मोहरांचेही तसेच. जुनी सोन्याची मोहर साधारण अकरा ग्रॅमची असे. हजार मोहरा म्हणजे अकरा किलो वजन झाले. एवढे ओझे शर्टाच्या खिशात ठेवून नायक तटावर चढतो. खेळात ‘इन्व्हेंटरी’ असते, तिच्यात ठेवलेल्या वस्तूला वजन नसते, हे उत्तर तुम्ही द्याल. चालेल; पण मग ते कादंबरीत द्या, आणि दिल्यावर त्याला मर्यादा घाला. त्या अदृश्य पिशवीत सातच वस्तू मावतात असे ठरवले, तर आठवी वस्तू समोर येताच कोणती टाकायची हा प्रश्न तयार होतो आणि त्या प्रश्नातून एक प्रसंग उभा राहतो. अमर्याद पिशवीतून कधीच काही निष्पन्न होत नाही.

गाविलगडाच्या बाबतीत एक ऐतिहासिक गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी हा किल्ला घेतला, तेव्हा कर्नल स्टीव्हन्सनची फौज ७ डिसेंबरला अचलपूरहून निघाली आणि उत्तरेच्या बाजूला मोर्चे लावण्यासाठी १२ तारखेला पोहोचली. मधले सगळे दिवस सैनिक डोंगरातून स्वतःच रस्ता तयार करत होते आणि अवजड तोफा हातांनी ओढत होते. तटाला भगदाड पडून किल्ल्यात शिरण्याचा दिवस १५ डिसेंबरचा. बाहेरचा तट फुटल्यावरही आतला तट शाबूत होता, आणि त्यावर शिड्या लावून चढावे लागले. या घटनेवर कोणी कथा लिहिली तर तिचे बळ तोफा ओढण्याच्या दिवसांत असेल, कारण तेवढ्या श्रमानंतरच भिंत पडणे वाचकाला पटते. तुम्ही तोफ ओढण्याचा भाग गाळून थेट भिंत पाडली आहे. आतल्या तटाचा तर तुम्ही उपयोगच केलेला नाही, याची मला हळहळ वाटते; जिंकलो असे वाटत असताना समोर दुसरी भिंत दिसणे, ही गोष्ट त्या किल्ल्याने तुम्हाला आयती दिली होती.

चमत्कार पटवायचा कसा, याचे मला ठाऊक असलेले सर्वोत्तम उदाहरण विदर्भाचेच आहे आणि गंमत अशी की तेही खेळाचेच आहे. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात नळराजा द्यूतात राज्य हरतो, दमयंतीपासून दुरावतो आणि कर्कोटक नागाच्या दंशाने रूप पालटून, बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथी म्हणून राहतो. इकडे विदर्भात, कुंडिनपुरात (आपल्या वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर ते हेच, असे परंपरा मानते), दमयंती एक युक्ती योजते. उद्या सूर्योदयाला तिचे दुसरे स्वयंवर आहे असा निरोप ती फक्त ऋतुपर्णाला पाठवते. शंभर योजनांचे अंतर एका दिवसात रथाने कापणे नळाशिवाय कोणालाही शक्य नाही, हे तिला माहीत आहे. म्हणजे चमत्कार घडण्याआधीच त्याची मर्यादा, त्याची मुदत आणि त्याचा अर्थ या तिन्ही गोष्टी श्रोत्याच्या हाती आलेल्या आहेत. राजा वेळेवर पोहोचला तर सारथी नळच आहे. घोडे जितके जोरात धावतात तितका दमयंतीचा संशय पक्का होत जातो, आणि शंभर योजनांचे अशक्य अंतर ही कथेची अडचण न राहता तिचा पुरावा होते.

त्यापुढील बारकावे पाहा. बाहुक धावत सुटत नाही. तो आधी तबेल्यात जाऊन घोडे निवडतो आणि निवडतो ते रोड दिसणारे. राजा हरकत घेतो, बाहुक आपली पारख सांगतो. अफाट वेगाच्या आधी ही संथ तपासणी आहे. मग रथ निघतो, राजाचे उत्तरीय वाऱ्याने खाली पडते आणि तो थांबायला सांगतो, तेव्हा बाहुक म्हणतो की ते तर एक योजन मागे राहिले. वेगाचे वर्णन करायला कवीला एकही विशेषण लागत नाही. आणि नंतर, वेळ निघून चाललेली असताना, ते दोघे चक्क थांबतात. वाटेत बेहड्याचे झाड दिसते, राजा आपली विद्या दाखवण्यासाठी त्याच्या पानाफळांची संख्या नुसत्या नजरेने सांगतो, दोन फांद्यांवर २,०९५ फळे आहेत म्हणतो, आणि बाहुक हट्ट धरतो की मी मोजून पाहिल्याशिवाय पुढे जाणार नाही. राजा कासावीस होतो. बाहुक मोजतो आणि आकडा बरोबर निघतो.

धावपळीच्या मधोमध फळे मोजत बसणे हा रेंगाळलेला प्रसंग का वाटत नाही? कारण मुदत चालूच आहे. प्रत्येक फळ मोजताना सूर्य पुढे सरकतो आहे. आणि त्या मोजणीतून जे मिळते त्याने कथाच फिरते. पूर्वी बेहड्याच्याच फळांचे फासे करत. राजा नळाला फाशांचे रहस्य, अक्षहृदय, देतो. बदल्यात त्याला अश्वविद्या हवी असते, पण ती तो लगेच घेत नाही, माझी ठेव म्हणून तुझ्याकडेच असू दे म्हणतो. ते रहस्य मिळताच, नळाच्या शरीरात शिरून त्याला द्यूतात बुडवणारा कली बाहेर पडतो. नायकाला नवे सामर्थ्य मिळणे, ज्याला तुम्ही ‘लेव्हल अप’ म्हणता, ते इथे एका देवाणघेवाणीतून, वेळ खर्चून, परीक्षा घेऊन आणि उसनवारीच्या करारावर घडते. तुमच्या नायकाला चौदा प्रकरणांत अकरा नवी सामर्थ्ये मिळतात. त्यांतील एकही त्याने कोणाकडून मागितलेले नाही, एकाच्याही बदल्यात काही दिलेले नाही आणि एकाचीही फेड त्याच्याकडे बाकी राहिलेली नाही. माझ्या मते या अकरांतील तीन ठेवावीत आणि प्रत्येकाचा देणारा, किंमत आणि फेड निश्चित करावी.

आता आकड्यांविषयी. तुमच्या पानांवर चौकटी करून गुण, बळ, चपळाई, जीवन अशी नऊ-दहा मूल्ये दर काही परिच्छेदांनी छापलेली आहेत. या प्रकारच्या कादंबऱ्यांच्या वाचकांना चौकटी आवडतात हे मला मान्य आहे, त्या पूर्ण काढून टाका असे मी सांगणार नाही. पण त्या आकड्यांवर एखादा निर्णय अवलंबून असेल तेव्हाच ते दाखवा. जीवन ३४० वरून ३२५ झाले याने वाचकाला काहीच होत नाही. जीवन तीन उरले आहे, दरवाजा उघडायला दोन लागतात आणि आत जखमी सोबती पडला आहे, त्याला उचलायला आणखी दोन लागतील, हे कळल्यावर मात्र वाचक श्वास रोखतो. लहान आकडे ठेवा. वाचक चालता चालता तोंडी करू शकेल असा हिशेब हवा.

शिवाय तुमचा पातळ्यांचा नियम तुम्ही स्वतः एकदा कागदावर सोडवून पाहिला पाहिजे. प्रत्येक पातळीला आधीच्या दुप्पट गुण लागतात, असे तुम्ही दुसऱ्या प्रकरणात लिहिले आहे. पहिल्या पातळीला एक भाग लागत असेल तर विसावीला ५,२४,२८८ भाग लागतात. पहिली पातळी नायकाने एका दिवसात गाठली आहे. त्याच गतीने एकट्या विसाव्या पातळीला चौदाशेहून अधिक वर्षे लागतील. ही विसंगती टाळण्यासाठी तुम्ही नकळत पुढच्या राक्षसांचे गुण वाढवत नेले, आणि त्यामुळे गुणांना अर्थच उरला नाही. पंधराव्या पातळीचा राक्षस लाख गुण देतो आणि पहिलीचा लांडगा दहा, पण दोघांनाही मारायला नायकाला सारखीच तीन पाने लागतात. त्याऐवजी दरवेळी दशांशाने वाढ ठेवली तर विसावी पातळी पहिलीच्या साधारण सहापट पडते. पहिलीला एक दिवस लागला तर विसावीला सहा दिवस. हा हिशेब कादंबरीच्या आटोक्यातला आहे आणि वाचकाच्या मनातही राहील. वीस पातळ्यांची तरी गरज आहे का, हाही विचार करावा. मला सातांपेक्षा जास्त लागतील असे वाटत नाही.

नायक दोनदा मरतो आणि दोनदा जिवंत होतो, हा भाग तुमच्या मित्रांना सर्वांत जास्त खटकला आहे आणि ते स्वाभाविक आहे. खेळात मरण म्हणजे पुन्हा प्रयत्न. कादंबरीत मरण फुकट झाले की त्यानंतरच्या प्रत्येक संकटाची धार जाते. मरण परत फिरवायचे असेल तर ते परतताना काहीतरी कायमचे घेऊन गेले पाहिजे, आणि ते काय घेऊन गेले हे पुढच्या प्रत्येक प्रकरणात जाणवले पाहिजे. आईचा चेहरा आठवेनासा होणे हा अशा कथांत फार वापरून झालेला मार्ग आहे. तुमच्याकडे त्यापेक्षा चांगली गोष्ट आहे, तिच्याकडे मी आता येतो.

तुमच्या नायकाच्या घरी संत्र्याची बाग आहे, आणि पहिली चार पाने सोडली तर ती पुन्हा कुठेही येत नाही. खेळातील जग आणि घरचे जग यांच्यात एकही धागा नसल्यामुळे मधली आठ प्रकरणे लोंबकळत राहतात. समजा, नायक जखम भरण्यासाठी जे औषधी पाणी पितो ते त्याच्याच वडिलांच्या विहिरीतून येते. प्रत्येक घोटामागे विहिरीचे पाणी अर्धा हात उतरते. विहिरीत वीस हात पाणी आहे हे पहिल्याच प्रकरणात वडिलांच्या तोंडून आलेले आहे. मे महिना चालू आहे, आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याची, फळे झाडावर आहेत आणि पाणी कमी पडले की फळगळ सुरू होते, हे आपल्या भागातील वाचकाला सांगावेही लागणार नाही. नायकाला हे सहाव्या प्रकरणापर्यंत माहीत नसते. तोवर तो बेफिकिरीने पंधरा-सोळा घोट पिऊन बसलेला असतो. ज्या क्षणी त्याला कळते त्या क्षणी मागची सगळी पाने वाचकाच्या मनात पुन्हा मांडली जातात, आणि पुढची प्रत्येक जखम दुहेरी होते. मरून परत येण्याची किंमत पाच हात पाणी ठेवा. मग दुसऱ्यांदा मरणे त्याला परवडेल का, हे वाचक स्वतःच मोजू लागेल. मी सुचवलेलेच वापरावे असा आग्रह नाही. पण मध्यभागी असा एक नियम उघड झाला पाहिजे, ज्यामुळे आधी वाचलेल्या गोष्टींचा अर्थ बदलेल; केवळ नवा आणि मोठा राक्षस आणून मध्यभाग सावरत नाही.

रेंगाळण्याचा दुसरा प्रश्न इथूनच सुटायला लागतो. सहाव्यापासून चौदाव्यापर्यंतच्या प्रकरणांची मी एक साधी चाचणी घेतली: प्रत्येक प्रकरण काढून टाकले तर पुढच्या प्रकरणात काही अडते का? नऊपैकी पाच प्रकरणे अशी निघाली की ती काढल्यावर फक्त नायकाच्या गुणांचा आकडा बदलतो. वेग म्हणजे घटनांची गर्दी असा समज सर्वत्र आहे, पण एकसारख्या दहा लढाया एका लढाईपेक्षा संथ असतात. लढाईच्या शेवटी नायकापुढचे मार्ग कमी झाले, वाढले किंवा बदलले तरच कथा हलते. ती पाच प्रकरणे दोन परिच्छेदांत सांगून टाका. ‘पुढच्या तीन पातळ्या त्याने दात-ओठ खात पार केल्या आणि त्यात त्याचे सहा घोट गेले’ एवढे वाक्य एका अख्ख्या प्रकरणाचे काम करते. वाचलेली जागा निर्णयांच्या प्रसंगांना द्या.

थांबण्याच्या जागाही हव्यात, आणि त्या कुठे असाव्यात हे तुम्ही बागेत पाहिलेलेच आहे. आंबिया बहारासाठी हिवाळ्यात झाडांचे पाणी तोडतात. हलक्या जमिनीत ताण थोड्या दिवसांत बसतो, भारी काळ्या जमिनीत जास्त दिवस लागतात, आणि पाने मलूल झाली पण फांद्या वाळल्या नाहीत अशा वेळी पाणी सोडले तरच फूल धरते. कथेत वाचकाला हवे ते रोखून धरण्याचे प्रमाणही असेच जमीन पाहून ठरवावे लागते. तुमची सुरुवात हलक्या जमिनीसारखी आहे, अजून वाचकाचा नायकावर जीव जडलेला नाही, तिथे फार रोखू नका. पहिले उत्तर पहिल्याच प्रकरणात द्या. दहाव्या प्रकरणानंतर मात्र तुम्ही बराच काळ रोखू शकता, आणि तिथेच तुम्ही घाई केली आहे. किल्ल्याचा मालक कोण हे रहस्य तुम्ही अकराव्या प्रकरणात एका द्वारपालाच्या तोंडून सहज सांगून टाकले आहे.

विश्रांतीचे प्रसंग कसे बसवावेत याचा अभ्यास करायचा असेल तर एखाद्या हिवाळ्यात झाडीपट्टीत जाऊन या. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत धान निघाल्यावर रात्र-रात्र नाटके चालतात, थंडीत लोक जमिनीवर बसून पहाटेपर्यंत पाहतात. गाणे किंवा विनोदी प्रवेश तिथे नेमका केव्हा येतो ते लक्ष देऊन पाहा. मी पाहिलेल्या चांगल्या नाटकांत तो पेच सुटल्यावर येत नसे, पेच पडल्यावर आणि सुटण्याआधी येत असे. प्रेक्षक हसत असतो, पण उठून जात नाही. तुमच्या कादंबरीतील शेकोटीभोवतीच्या गप्पा सुंदर लिहिलेल्या आहेत, त्यांतील वऱ्हाडी बोली तर अस्सल आहे; पण त्या सगळ्या लढाई जिंकल्यानंतर येतात, म्हणून वाचक पुस्तक मिटवून ठेवतो. त्याच गप्पा लढाईच्या आदल्या रात्री घाला.

खेळातील इतर माणसांविषयी थोडे. तुमचा औषधविक्या पहिल्या प्रकरणापासून चौदाव्यापर्यंत एकाच भावाने एकच माल विकतो आणि नायक नसताना तो काय करतो याचा पत्ता नाही. खेळात अशी पात्रे चालतात. कादंबरीत मात्र त्याला स्वतःचे पोट हवे. बाजार समितीत आवक वाढली की भाव पडतो हे तुम्ही लहानपणापासून पाहिले आहे. मग एक परका मुलगा हजार मोहरा घेऊन बाजारात उतरला तर औषधाचा भाव तिप्पट होईल, दुसऱ्या दिवशी त्याच्यामागे चोर लागतील आणि जखमी गावकऱ्यांना औषध मिळेनासे होईल, हे तुम्हाला दुसऱ्या कोणी सांगायला नको. या एका गोष्टीतून दोन प्रकरणे निघतील आणि त्या दोन्हींत राक्षस लागणार नाही. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्टाही तुम्हाला जवळच आहे, जिथे विहिरीला पाणी असून ते पिता येत नाही. खेळाच्या जगातील एखादा टप्पा तसा करता येईल. नायकाच्या पाण्याच्या हिशेबाला तो नेमका जोडला जाईल.

भाषेच्या पातळीवर एकच गोष्ट सांगतो, कारण बाकी भाषा तुमची चांगली आहे. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते. ‘काळ्या दगडांच्या, शेवाळाने माखलेल्या, शतकानुशतके कोणी न चढलेल्या त्या पायऱ्यांवरून हातातील मशाल सावरत तो धावला’ या वाक्यात धावण्याची क्रिया वाचकाला सर्वांत शेवटी कळते. तोपर्यंत तो पायऱ्या न्याहाळत उभा असतो. झटापटीच्या जागी वर्णन आधी, वेगळ्या वाक्यात, देऊन ठेवा, म्हणजे ऐन वेळी ‘तो धावला’ एवढेच उरेल. तसेच ‘तो धावत होता, ती ओरडत होती, दगड कोसळत होते’ अशी चालू काळाची रांग लढाईत टाळा. त्यात काहीच पूर्ण होत नाही. ‘अचानक’ आणि ‘तेवढ्यात’ हे दोन शब्द तुमच्या हस्तलिखितात जवळजवळ प्रत्येक पानावर आहेत. जिथे ते येतात तिथे आधीची पेरणी राहून गेली आहे असे समजून मागे जाऊन पाहा. बहुतेक ठिकाणी तसेच निघेल.

शेवटच्या लढाईबद्दल तुम्ही वेगळे विचारलेले नाही, पण तिची लांबी पाहून लिहिणे भाग आहे. किल्ल्याच्या मालकाशी होणारे युद्ध तुम्ही दोन पूर्ण प्रकरणे चालवले आहे आणि त्याच्या ऐन मध्यात नायकाला बारावे सामर्थ्य मिळते. नळाची गोष्ट इथेही पाहावी. ज्याने त्याचे राज्य जिंकले होते त्या भावाशी, पुष्कराशी, तो पुन्हा द्यूत खेळायला बसतो, तेव्हा एकाच डावात सगळे परत जिंकतो आणि कवी तो डाव अगदी थोडक्यात संपवतो. लांबवायची गरजच उरलेली नसते, कारण अक्षहृदय त्याला कुठे, कसे आणि काय मोजून मिळाले हे श्रोत्याने बेहड्याखाली पाहिलेले आहे. कवीने खरी जागा दिली आहे ती जिंकल्यानंतरच्या वागण्याला: नळ पुष्कराला जीवदान देतो, त्याचा वाटा त्याला परत करतो आणि सन्मानाने घरी पाठवतो. तुमचे शेवटचे युद्ध आठ-दहा पानांत बसवा, बारावे सामर्थ्य काढून टाका आणि नायकाला त्याच्याजवळ आधीपासून असलेल्या गोष्टींवरच जिंकू द्या. हरलेल्या मालकाचे नायक काय करतो आणि विहिरीत किती हात पाणी उरले आहे, यांसाठी एक पूर्ण प्रकरण राखून ठेवा. ते सध्याच्या मसुद्यात नाहीच, त्यामुळे फेरलेखनाची सुरुवात मी तिथूनच करण्याचे सुचवीन आणि मग उलट दिशेने पहिल्या प्रकरणापर्यंत येऊन त्यासाठी लागणारे सगळे पेरत जावे असे सांगेन.